वीसपैकी नऊ बाटल्या

प्रिय तुऱ्या,

मागच्या नाही, त्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी मी माझीच लघवी तीनदा तपासली. पत्राची ही अशी सुरुवात वाचून तू हसशील आणि धाकटीला हाक मारशील, "ये गं, तुझ्या भावाचं पत्र आलंय, बघ काय लिहितोय!" म्हणून आधीच सांगतो, हे पत्र आधी एकट्याने वाच. माझी बहीण तुझी बायको होऊन बावीस वर्षं झाली, तिच्यापासून तू काही लपवावंस असं मी कधी म्हटलं नाही, आत्ताही म्हणत नाही. एकदा वाचून झालं की तिच्या हातात दे. पण पहिल्यांदा तू वाच.

फोन का नाही केला, हेही विचारशील. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच काहीतरी बोलतोस, मी हसतो, आणि सांगायचं राहून जातं. गेल्या बारा दिवसांत तसं दोनदा झालं. तुला आठवत असेल, मी म्हणालो, "तुझ्याशी जरा बोलायचं होतं," आणि तू म्हणालास, "पंडित, तू बोलायला लागलास की मला झोप येते, उद्या सकाळी कर." मी हसलो आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

तर तो बुधवार. आमची तपासणीची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली, तू पाहिलीच आहेस. खिडकीतून माणसांचे फक्त पाय दिसतात. मी साडेसातला येतो, हात धुतो, यंत्र चालू करतो आणि ते गरम होईपर्यंत मिनिटभर डोळे मिटून उभा राहतो. तुम्ही सगळे त्यावरून मला पंडित म्हणता, म्हणा. मी काही मोठं मागत नाही. आज ज्यांच्या बाटल्या येतील त्यांचं जे आहे ते खरं दिसू दे, एवढंच म्हणतो. पंचवीस वर्षं रोज हेच म्हणतो आहे. त्या दिवशीही म्हटलं.

आदल्या दिवशी तपासणीच्या द्रावणांचा नवीन खोका आला होता. नवीन खोका फोडला की तो बरोबर चालतो का हे बघायला लागतं, आणि त्यासाठी निरोगी माणसाची लघवी लागते. सकाळी पावणेआठला निरोगी माणूस आणायचा कुठून? आम्ही सगळेच अशा वेळी आपलीच वापरतो. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, बाटली घेऊन मोरीकडे निघालेला एखादा तंत्रज्ञ तुला दिसेलच. मीही तेच केलं. नळी फिरवून गाळ खाली बसवला, वरचं पाणी घेतलं, त्यात द्रावण घालून पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं, मग दुसरं द्रावण घातलं. इथे रंग येतो. निरोगी माणसाचा रंग कसा, तर फिकट गुलाबी, बाळाच्या तळव्यासारखा. माझ्या नळीतला रंग पिकलेल्या जांभळासारखा झाला. मला वाटलं, खोका नासका निघाला. जुन्या खोक्यातलं उरलंसुरलं द्रावण काढून पुन्हा केलं. तोच रंग. मग नळ्या बदलल्या, पाण्याचं तापमान पाहिलं, तिसऱ्यांदा केलं. यंत्राने तिन्ही वेळा एकोणीसच्या आसपास आकडा दाखवला. आमच्याकडे मर्यादा नऊची.

तुऱ्या, यंत्र बरोबर होतं. खोकाही बरोबर होता. मी स्टुलावर बसून राहिलो, आणि खिडकीतून पाय जात होते ते बघत राहिलो.

तू इथे बाटली घेऊन आला होतास त्या दिवसाला आता चौदा महिने झाले. तुमच्या बॅटरीच्या कारखान्यातली त्रेसष्ट माणसं दोन दिवसांत येऊन गेली. बाहेरच्या बाकावर तुम्ही रांगेने बसला होता, प्रत्येकाच्या मांडीवर आपापली बाटली, आणि तू मोठ्याने म्हणालास, "पंडित, माझ्या मुताला आजवर एवढा मान कोणी दिला नव्हता रे!" सगळा बाक हसला. मॅडमही हसल्या. आमच्या मॅडम, म्हणजे ज्यांनी ही पाहणी सुरू केली त्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर, सहसा हसत नाहीत. नंतर तू आत येऊन मला विचारलंस, की रक्त न घेता या बाटलीत तुम्हाला कळतं तरी काय? माझ्यासमोर कामाचा ढीग होता. मी म्हणालो, "तुला काय करायचंय, तू आपली बाटली दे." तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, ते आज देतो.

मूत्रपिंडात बारीक बारीक नळ्या असतात, लाखोंनी. त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींच्या आत काही एन्झाइम असतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणत. ती तिथे आपलं काम करतात, बाहेर फारशी पडत नाहीत. पण शिशासारखं काही रोज थोडं थोडं पोटात किंवा श्वासातून जात राहिलं, किंवा एखादं औषध वर्षानुवर्षं चालू राहिलं, की त्या पेशी दुखावतात, फुटतात, आणि आतलं एन्झाइम लघवीत सांडतं. माणसाला काही कळत नाही. त्याला भूक लागते, झोप लागते, तो जिने चढतो. रक्ताची तपासणी केली तरी ती चांगली येते, कारण रक्तात बिघाड दिसायला मूत्रपिंड बरंच निकामी व्हावं लागतं. भिंत पडायच्या आधी पोपडे येतात ना, तसं हे. पोपडे दिसले तेव्हाच छपराची गळती थांबवली तर भिंत राहते. मॅडमची सगळी धडपड एवढ्यासाठीच होती. माणसं चांगली असतानाच त्यांना शिशापासून बाजूला काढायचं.

पण त्यासाठी मर्यादा लागते. किती सांडलं म्हणजे जास्त? थोडंसं तर सगळ्यांचंच सांडतं. म्हणून आधी वीस निरोगी माणसांच्या लघव्या तपासायच्या, त्यांच्या आकड्यांवरून एक रेघ ठरवायची, आणि मग तुम्हा कारखान्यातल्या लोकांना त्या रेघेशी लावून बघायचं. ती वीस माणसं गोळा करायचं काम माझं होतं.

ते पुढे सांगतो. मला थोडा दम घेऊ दे.

धाकटीचा परवा फोन आला होता. म्हणाली, "दादा, तुमच्या मित्राला आता जेवता जेवता डुलक्या लागतात. हातातला घास हातात. मी म्हटलं, भट्टीवर उभं राहून माणूस बसल्यावर झोपणारच. तर म्हणतात, मी झोपत नाही, मी तुझ्या स्वयंपाकाचा विचार करतो." मी हसलो. मग तिने विचारलं, "दादा, हे बरे आहेत ना? तुमच्याकडेच तपासलं होतं ना?" मी म्हणालो, हो. दोन प्रश्न आणि एकच हो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिने डॉक्टरला नाही, मला विचारलं. तुझी डुलकी शिशामुळे आहे की वयामुळे, मला माहीत नाही, आणि उगाच तुला घाबरवायचं नाही. पण तिचा तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

तुला आपली विहीर आठवते? शाळेमागची. गुरुजींनी सातवीत आपल्याला तिचं पाणी मोजायला लावलं होतं, रोज सकाळी, गाठी मारलेला दोर सोडून. गाठी मोजायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहायचा. एक दिवस तू, एक दिवस मी. थंडी पडली आणि तू जायचं सोडलंस. घरूनच आकडा ठरवून यायचास, कधी अकरा गाठी, कधी साडेअकरा. मला ते माहीत होतं. चार दिवसांनी मीही जाईनासा झालो, तू लिहिलेल्याच्या आसपासचं काहीतरी लिहू लागलो. मग एक दिवस गुरुजी स्वतः दोर घेऊन गेले. वर्गात येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "विहिरीत पाणी चौदा गाठींवर गेलंय. तक्त्यात साडेअकरा कुणी ठेवलं?" त्यांचा शब्द संपायच्या आत तू उभा राहिलास. "गुरुजी, मी गेलोच नाही. थंडी वाजते." सगळा वर्ग हसला, गुरुजीसुद्धा. त्यांनी तुला मारलं नाही, फक्त पुढचा महिनाभर एकट्याला पाठवलं, आणि तू गेलास. मी बाकावर बसून होतो. मी उभा राहिलो नाही. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस, आणि पुढे कधी ते काढलंही नाहीस. पस्तीस वर्षं झाली. मला वाटतं तू विसरलास. मी विसरलो नाही.

आता ती वीस माणसं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मॅडम परदेशी एका सभेला गेल्या होत्या आणि जाताना सांगून गेल्या, की येईपर्यंत वीस निरोगी माणसांचे नमुने तपासून ठेवा. नावं नकोत, फक्त वय आणि काम लिहा. मला वाटलं, यात काय अवघड. पण तुला सांगतो, रक्त मागितलं तर माणसं बाही वर करतात, ही गोष्ट मागितली की पळतात. उपाहारगृहातला पोऱ्या नाही, चांगला पन्नाशीचा मालक, तो म्हणाला, "साहेब, रक्त घ्या, पाहिजे तर दोन बाटल्या घ्या, पण हे मागू नका, मला लाज वाटते." दारावरचा पहारेकरी म्हणाला, "बायकोला विचारून सांगतो." त्याला म्हटलं, बायकोला काय विचारायचंय, तर म्हणे, "उद्या काही निघालं तर तीच विचारेल ना, मला न विचारता दिलीच कशी!" दवाखान्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाने मोठ्या उत्साहाने बाटली आणून दिली, तपासली तर गार चहा निघाला. एन्झाइम शून्य, साखर भरपूर. तो अजून मला जिन्यात भेटला की चहा घेणार का विचारतो.

तीन आठवड्यांत अकरा मिळाल्या. मॅडम सोमवारी यायच्या होत्या. शुक्रवारी मी खोलीत बसलो होतो, वहीत अकरा ओळी भरलेल्या आणि नऊ रिकाम्या. मनात आलं, मी निरोगीच आहे. मला कसलं व्यसन नाही, पहाटे उठतो, चालत येतो. माझी लघवी आणि पहारेकऱ्याची लघवी यात काय फरक असणार? त्या दिवशी दोन बाटल्या दिल्या, सकाळची एक, दुपारची एक. शनिवारी तीन. रविवारी कुलूप काढून आत आलो आणि चार दिल्या. मधल्या वेळात नळावर पाणी पीत होतो. आज ते चित्र डोळ्यांसमोर आणलं तर हसू यावं असं आहे, पण येत नाही. वहीत मी वय आणि काम लिहिलं. पहारेकरी, वय एकेचाळीस. उपाहारगृहाचा मालक, वय बावन्न. माळी, वय छत्तीस. ज्यांनी ज्यांनी नाही म्हटलं, ते सगळे माझ्या वहीत हो म्हणाले.

कुणाला फसवायचं म्हणून मी हे केलं नाही. काम अर्धं राहिलं असं सांगायची लाज वाटली, एवढंच होतं. पण नंतर विचार करता मला वाटतं, लाजेने केलेलं काम आणि लबाडीने केलेलं काम यांचे आकडे वहीत सारखेच दिसतात.

मॅडम आल्या, त्यांनी वीस आकडे पाहिले. अकरा जण दोन ते चारच्या दरम्यान, नऊ जण सहा ते आठच्या दरम्यान. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "दोन गट पडल्यासारखे दिसतायत. हे वरचे लोक पाणी कमी पितात का?" मी म्हणालो, "असेल मॅडम, उन्हात काम करणारे आहेत." त्या वेळी मला एवढं तरी कळायला हवं होतं. पाण्याचा हिशेब त्या आकड्यात आधीच धरलेला असतो, ते मीच रोज करतो. नऊ बाटल्या वर होत्या, आणि त्या नऊही माझ्या होत्या, म्हणजे मीच वर होतो. पण खोटं लपवण्यात माणूस इतका गुंततो, की त्या खोट्याच्या आत लिहिलेलं खरं त्याला वाचता येत नाही. मॅडमनी आकडेमोड केली आणि रेघ ओढली. नऊ.

तुझा आकडा आठ पूर्णांक दोन आला होता.

चिठ्ठी मीच लिहिली. मर्यादेत. खाली मॅडमची सही, पण अक्षर माझं. तू ती चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवलीस आणि म्हणालास, "आता धाकटीला दाखवतो, म्हणत होती तुमच्यात काही राम उरला नाही." ज्यांचे आकडे नऊच्या वर गेले त्या नऊ जणांना कारखान्याने शिशापासून हलवलं, पेट्या बांधायच्या कामाला लावलं. त्यांच्या आधीच्या जागा रिकाम्या झाल्या, आणि शिसं वितळवायच्या भट्टीवर ठणठणीत माणूस पाहिजे म्हणून तुमच्या फोरमनने चिठ्ठ्या बघून तुला उभं केलं. तू मला आनंदाने फोन केलास. मीही आनंदलो. त्या सकाळी हात जोडताना मी तुझ्यासाठी आभारही मानले.

बुधवारी एकोणीस आकडा आल्यावर मी घरी गेलो आणि गोळ्यांचा डबा काढला. तुला माहीत आहे, स्टुलावर वाकून वाकून माझी कंबर गेली आहे. सहा वर्षं मी सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी घेतो, औषधांच्या दुकानदाराला विचारून, डॉक्टरला न विचारता. रोज दुसऱ्यांची मूत्रपिंडं तपासणारा माणूस मी, आणि त्या गोळ्यांनी मूत्रपिंड दुखावतं हे मला पाठ आहे. पण ते इतरांचं दुखावतं असं मी धरून चाललो होतो. आमच्या हिने डबा हातातून घेतला आणि विचारलं, काय झालं. मी सांगितलं, माझा आकडा जास्त आहे. नऊ बाटल्यांचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी खोलीचं दार लावून घेतलं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागचं पान फाडून त्या अकरा खऱ्या आकड्यांची रेघ काढली. चार पूर्णांक सहा. पाच धर. मग कारखान्याची वही उघडली आणि पाच ते नऊच्या मधले आकडे शोधले. सात माणसं. सातांना मी माझ्या अक्षरात मर्यादेत लिहून दिलं होतं. सहाव्या ओळीत तू होतास.

त्या बुधवारपासून बारा दिवस गेले. या बारा दिवसांत मी काय केलं, हे तुला सांगायला मला सगळ्यात जड जातं. मी प्रार्थना केली. सकाळी मिनिटभर उभा राहायचो तिथे दहा मिनिटं उभा राहू लागलो. चुकलो म्हणालो, क्षमा कर म्हणालो, त्या सातांना काही होऊ देऊ नकोस म्हणालो. डोळ्यांत पाणी यायचं, मन हलकं व्हायचं, आणि मी डोळे उघडून दिवसभराच्या बाटल्या तपासायला बसायचो. आणि त्याच वेळी तू भट्टीसमोर उभा असायचास. माझं मन हलकं झाल्याने तुझ्या छातीत जाणारा धूर थोडाच कमी होणार होता? पण मला ते दिसत नव्हतं. मला वाटत होतं, मी काहीतरी करतो आहे.

शेवटी हिला सांगितलं. काल, रविवारी. ती खिडकीशी बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती. सगळं ऐकलं, दोरा दातांनी तोडला. मग म्हणाली, "हे देवाला सांगून झालं?" मी म्हणालो, रोज सांगतो. ती म्हणाली, "त्याला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना कधी सांगणार?" आणि शर्ट माझ्या अंगावर टाकून आत गेली. आतून पुन्हा तिचा आवाज आला, "आणि माझ्या नणंदेच्या नवऱ्याला आधी सांगा. नाहीतर या घरात मी तिला तोंड दाखवणार नाही." तू म्हणतोस ना, तुझी वहिनी बोलत नाही. बोलते, पण मोजून.

आज सोमवार. सकाळी साडेसातला आलो, हात धुतले, यंत्र चालू केलं नाही. आज डोळेही मिटले नाहीत. मॅडम साडेआठला येतात, त्यांच्या दाराशी वही घेऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "काय हो, सकाळी सकाळी?" आणि तुऱ्या, त्या क्षणी मला तू दिसलास, सातवीच्या वर्गात, बाही लांब झालेल्या त्या स्वेटरमध्ये, केसांचा तुरा उभा. मी म्हणालो, "मॅडम, वीसपैकी नऊ बाटल्या माझ्या होत्या." एका दमात म्हणालो. आधी त्यांना कळलंच नाही. मग मी दिनदर्शिकेचं पान आणि त्या सात जणांची नावं टेबलावर ठेवली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चौदा महिने. तुम्हाला कळतंय ना, चौदा महिने म्हणजे काय?" मी म्हणालो, कळतंय, त्या सात जणांतला एक माझा मेहुणा आहे. त्यांनी फोन उचलून कारखान्याला लावला आणि सातही नावं सांगितली. पुन्हा तपासणी होईपर्यंत या माणसांना शिशाजवळ उभं करायचं नाही, असं माझ्यासमोर सांगितलं. नवी वीस माणसं त्या स्वतः गोळा करणार आहेत. मला तपासणीच्या टेबलावरून काढलं आहे, आजपासून मी नोंदणीच्या खिडकीवर बसतो. पुढे काय व्हायचं ते वरचे लोक ठरवतील. ते योग्य आहे. खिडकीतून आता माणसांचे चेहरे दिसतात.

सातही जणांना दवाखान्याची पत्रं आज दुपारी टपालात गेली. सहा गेली, असं म्हणायला हवं. सातवं मी मॅडमकडे मागून घेतलं. म्हणालो, हे माझ्या पत्राबरोबर जाऊ दे, छापील कागदावरून त्याला कळायला नको. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दिलं. ते या पाकिटात मागे ठेवलं आहे. त्यात लिहिलंय ते एवढंच, की तुझा आकडा मर्यादेत नव्हता, आणि पुन्हा तपासायला ये. तू गुरुवारी ये. कंबर दुखते म्हणालास तेव्हा मी तुला माझ्या गोळ्यांचं एक पाकीट दिलं होतं, ते फेकून दे. फोरमन काही म्हणाला तर त्याला मॅडमचा नंबर दे. आठ पूर्णांक दोन हा वाईट आकडा आहे, पण त्यातून माणसं माघारी फिरतात, मॅडमनी मला तसं सांगितलंय, आणि माझ्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेव. माझ्यावर रागाव. रागावून बोलायचं बंद केलंस तरी मी समजेन, पण गुरुवारी ये. मी बाहेरच्या बाकावर असेन, रांगेत, मांडीवर बाटली घेऊन. मला तपासणारा आता दुसरा आहे, वरच्या मजल्यावरचा. आज दुपारी त्याच्याकडे माझी पहिली बाटली दिली. चिकटपट्टीवर काय लिहू, असं त्याने विचारलं. मी त्याच्या हातातून पेन घेतलं, वय एकोणपन्नास, काम तंत्रज्ञ असं लिहिलं, आणि त्याच्या वर माझं स्वतःचं नाव घातलं.

वर्गात उशिरा उभा राहिलेला, तरी तुझाच,
पंडित